दोन विद्यानगरींपैकी एक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला फर्मावले, "तुम्ही विलायतेला जाऊन आलात, तेव्हा यंदा वर्धापनदिनाला तुम्हीच बोलायचे." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विलायतेत मी होते अवघे अकरा दिवस." त्यावर त्या म्हणाल्या, "मग अकरा दिवसांचेच सांगा." पण अकरा दिवसांचे सांगत बसले तर हळदीकुंकवाला दिवेलागण होईल. म्हणून मी एकाच दिवसाचे सांगणार आहे. आणि खरे म्हणजे त्या दिवसाचेही कमीच. तो दिवस कुठे घालवायचा याचा जो खल आमच्या घरात पंधरा दिवस चालला होता, त्याचेच जास्त.

आमची मोठी मुलगी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. २०२५ च्या जुलैमध्ये तिचा पदवीदान समारंभ होता. आम्ही उभयता गेलो. सगळे दिवस तिने आखून ठेवले होते, त्यात एकच दिवस मोकळा. तिने आधीच फोनवर सांगितले, "आई, बाबा, एक दिवस लंडनच्या बाहेर जाऊ. ऑक्सफर्ड नाही तर केंब्रिज. दोन्ही होणार नाहीत, तुम्ही ठरवून ठेवा."

दोन्ही का नाहीत, असे आपण विचाराल, मीही विचारले. लंडनहून दोन्ही गावे आपल्या वर्ध्याहून नागपूर आहे त्याहून थोडी लांब, आगगाडीने तासाभराच्या अंतरावर. पण एकाची गाडी पॅडिंग्टन स्टेशनावरून सुटते, दुसऱ्याची किंग्ज क्रॉसवरून, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी सरळ गाडी नाही. पूर्वी होती, ती १९६७ च्या अखेरीस बंद केली. आपली पुलगाव-आर्वीची छोटी गाडी बंद झाली तेव्हा मला वाटले होते की असले दुःख गरीब मुलखालाच असते. तसे काही नाही.

सासूबाई पलंगावरून सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "काहून वं सूनबाई, शाळा पाहाले कोनी इतक्या दूर जाते का? देऊळ-गिऊळ काही नाही का तठी?" मी सांगितले, देऊळ आहे, पण शाळेच्या आवारातच आहे. त्यांना ते काही फारसे पटले नाही.

आता ही दोन गावे कोणती ते थोडक्यात सांगते. ऑक्सफर्ड थोरले. तिथे १०९६ सालापासून शिकवणे चालू आहे असा दाखला देतात. म्हणजे आपले ज्ञानेश्वर महाराज जन्मायच्या पावणेदोनशे वर्षे आधीपासून. केंब्रिज धाकटे, आणि ते निघाले भांडणातून. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये एका विद्यार्थ्याच्या हातून गावातली एक बाई मेली. तो पळून गेला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्याबरोबर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना धरून फाशी दिले. मग बाकीचे भिऊन पांगले, त्यातले काही केंब्रिजला जाऊन राहिले आणि तिथेच शिकवू लागले. असे हे दोन भाऊ वेगळे निघाले ते आजतागायत एकमेकांशी चढाओढ करीत आहेत. त्या मेलेल्या बाईचे नाव मात्र मला कोणी सांगितले नाही.

आमच्या यजमानांचे मत पहिल्या दिवसापासून ठरलेले: ऑक्सफर्ड. आणि त्यांचे कारण हलके नव्हते. माझे सासरे अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. घरी कोरडवाहू शेती, फी भरण्याची ऐपत नाही, तरी शिकले. ती संस्था १९३२ साली काढली डॉ. पंजाबराव देशमुखांनी. पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे, शेतकऱ्याचे पोर. विलायतेला जाऊन एडिंबरोला एम. ए. झाले, ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन आपल्या वऱ्हाडातल्या पोरांसाठी शाळा काढत बसले. पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. आमच्या घरात देवघराच्या बाजूला त्यांची तसबीर आहे. यजमान म्हणाले, "ज्या गावाने भाऊसाहेबांना डॉक्टर केले, त्या गावच्या रस्त्यावरून एकदा चालावे, एवढीच इच्छा आहे." यावर कोण काय बोलणार?

शिवाय ऑक्सफर्डच्या बाजूने आणखी पुष्कळ होते. आपल्या घराघरांत मुलांच्या कपाटात जो जाडा इंग्रजी कोश असतो तो तिथलाच. तिथले बॉडलियन ग्रंथालय १६०२ पासून उघडे आहे, आणि तिथे वाचायला बसणाऱ्याला अजूनही शपथ घ्यावी लागते की मी आत विस्तव आणणार नाही. मोनियर विल्यम्स यांचा संस्कृत कोश ऑक्सफर्डचा. ज्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद छापला ते मॅक्स म्युल्लर तिथलेच. आणि आपण तर वर्धा जिल्ह्याच्या. सेवाग्रामला येऊन राहण्याच्या आधी, १९३१ साली, बापू गोलमेज परिषदेला गेले होते, तेव्हा ऑक्सफर्डला बेलियल कॉलेजचे प्रमुख लिंडसे यांच्या घरी उतरले होते. यजमानांनी हा मुद्दा मांडला तेव्हा मुलीने फोनवरून सांगितले की बापू केंब्रिजलाही जाऊन आले होते. म्हणजे बापूंनी दोन्ही केली. त्यांना कोणी एकच दिवस दिला नव्हता.

केंब्रिजच्या बाजूने बोलणारा आमच्या घरात एकटा धाकटा मुलगा. त्याला गणिताची आवड. न्यूटन तिथले, रामानुजन १९१४ साली तिथे गेले, आपले जयंतराव नारळीकर तिथे शिकले आणि तिथेच त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केले. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हा हा मुलगा दोन दिवस नीट जेवला नव्हता. मी आणखी एक नाव घातले. आपल्या वर्ध्याचे खासदार राहिलेले कमलनयनजी बजाज केंब्रिजला शिकलेले. यजमान म्हणाले, "बजाज मोठे लोक. त्यांनी कुठेही शिकावे."

असे हे चालले असता मुलगी एका रात्री म्हणाली, "बाबांचे कळले, दादूचे कळले. आई, तू ठरव."

भगिनींनो, आमच्या घरात भाजी कोणती करायची हे मी ठरवते. सोयरीक, शेताचा सौदा, घराचा रंग, यांत माझे मत विचारतात आणि मग ठरवतात. हे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. आपणही हसलात, म्हणजे आपल्या घरीही असेच असावे. पण "तू ठरव" म्हटल्यावर मी मुलीला म्हटले, "मग मला नीट सांग. मोठी माणसे कोण कोण शिकली ते सांगू नकोस. बायकांना आत कधी घेतले ते सांग."

मग रोज रात्री जेवणे आटोपली, भांडी पालथी घातली, की अर्धा तास ती फोनवर वाचून दाखवी आणि मी ऐकत असे. नावे विसरू नयेत म्हणून किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरून ठेवली. आता सांगते ते त्याच पानांवरचे.

ऑक्सफर्डला मुलींसाठी सॉमरव्हिल कॉलेज निघाले ते १८७९ साली. केंब्रिजला गर्टन १८६९ ला आणि न्यूनहॅम १८७१ ला. म्हणजे राहायला खोली आणि शिकवायला मास्तर मिळाले. पण पदवी नाही! परीक्षा द्या, उत्तीर्ण व्हा, पहिल्या या. पदवी मागू नका. घरच्या सुनेने सगळा स्वयंपाक करावा आणि पंगतीत मात्र बसू नये, तशातला प्रकार.

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव आपण ऐकले असेल. जन्म आपल्या नाशिकचा, १८६६ चा; घरचे पारशी, ख्रिस्ती झालेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेत इतके गुण होते की विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. बाई म्हणून नाकारली. मग काही इंग्रज लोकांनी वर्गणी काढून त्यांना १८८९ साली ऑक्सफर्डला सॉमरव्हिलमध्ये नेले. १८९२ ला त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. ऑक्सफर्डने बायकांना पदवी देणे सुरू केले १९२० ला, आणि सोराबजीबाईंच्या हातात ती पडली १९२२ ला. तीस वर्षे! मौज अशी की आपल्या मुंबईने जे त्यांना आधीच दिले होते, ते द्यायला त्या जगप्रसिद्ध ऑक्सफर्डला इतका काळ लागला. महर्षी कर्व्यांनी पुण्यात स्त्रियांचे विद्यापीठ काढले तेही १९१६ ला, ऑक्सफर्डच्या आधी.

आणि केंब्रिज? केंब्रिजने बायकांना पुरती पदवी दिली १९४८ साली. आपला देश स्वतंत्र झाला होता. आपल्या घटना समितीत बायका बसून कायदा करीत होत्या.

आता मूळ गोष्ट सांगते, जिच्यामुळे माझे ठरले. रँग्लर परांजपे हे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला रामनामासारखे पाठ होते. कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथराव, महर्षी कर्व्यांच्या नात्यातले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात, आणि सर्वांत पहिल्याला सीनियर रँग्लर. १८९९ साली रघुनाथराव सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे पहिले हिंदी गृहस्थ. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. हे सगळे शाळेच्या पुस्तकात असते. पण त्यांच्याही नऊ वर्षे आधी, १८९० साली, न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीने त्याच परीक्षेत सीनियर रँग्लरच्याही वर गुण मिळवले होते. तिला रँग्लर म्हटले नाही. "सीनियर रँग्लरच्या वर" असे नुसते वाचून दाखवले आणि घरी पाठवले.

आणि रँग्लरांना एक मुलगी होती, शकुंतलाबाई. तीही गणितात हुशार. वडिलांनी तिला केंब्रिजला धाडले, न्यूनहॅम कॉलेजात. १९२९ साली तिने तीच गणिताची परीक्षा दिली. त्या वेळी केंब्रिज बायकांना नुसती नावाची पदवी देत असे. विद्यापीठाचे सभासदत्व नाही, त्याच्या सभेत मत नाही. म्हणजे पाहा, बापाला जे गाव डोक्यावर घेऊन नाचले, त्याच गावाने तीस वर्षांनी त्याच गणितात पास झालेल्या त्याच्या लेकीला उंबऱ्याबाहेर उभे केले. याच शकुंतलाबाईंनी पुढे १९३७ च्या 'कुंकू' बोलपटात काम केले, आयुष्यभर संततिनियमनाचा प्रचार केला, राज्यसभेत बसल्या. त्यांच्या कन्या सई परांजपे यांचे चित्रपट आपण पाहिले आहेतच.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझे माहेर कारंजा तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंत, आठवीला नऊ किलोमीटर जावे लागे. बाबांनी एक सायकल घेतली आणि ती भावाला दिली, कारण मुलगी एकटी त्या रस्त्याने कशी जाणार? भाऊ काही वाईट नाही, बाबाही नव्हते. भाऊ दहावीला दोनदा नापास झाला. मी सातवीला तालुक्यात तिसरी होते. आज खेड्यातल्या मुलींना एस. टी. चा पास फुकट मिळतो आणि सकाळी बसमध्ये मुलीच मुली दिसतात. ते पाहिले की मला फार बरे वाटते.

सकाळी चहा देताना मी सांगून टाकले, "केंब्रिज."

यजमानांनी बिनतोड मुद्दा काढला. म्हणाले, "तुझ्याच हिशेबाने ऑक्सफर्डने बायकांना अठ्ठावीस वर्षे आधी पदवी दिली. मग मान त्यांना द्यायला हवा. तू उलटे कसे बोलतेस?" मी म्हटले, "मान द्यायचा तर घरी बसून देता येतो. मला ते दार पाहायचे आहे, ज्या दाराशी रँग्लरची लेक थांबली." ते काही बोलले नाहीत. चहा संपवून दुकानात गेले. संध्याकाळी येताना आर. के. स्टुडिओतून पंजाबरावांची तसबीर नवीन चौकटीत बसवून घेऊन आले, तेवढेच.

केंब्रिजला उतरल्यावर पहिली गोष्ट दिसली ती सायकली. स्टेशनाबाहेर सायकलींचा जणू बाजार भरलेला. म्हाताऱ्या बायका पुढच्या टोपलीत भाजी टाकून सायकलीवर चाललेल्या. बायका मागे लेकरू बसवून चाललेल्या. गाव सपाट आहे, आपल्या वर्धेच्या काठासारखे, चढ म्हणून नाही.

मुलीने आम्हाला सीनेट हाऊससमोर नेले. पांढऱ्या दगडाची खांबांची इमारत आहे, तिथे पदव्या देतात. तिथे तिने सांगितले की १८९७ साली बायकांना पदवी द्यावी की नाही यावर मत घेतले, तेव्हा समोरच्या इमारतीवरून विद्यार्थ्यांनी एक बुजगावणे टांगले होते. शेतातल्यासारखे, पण बाईचे, आणि सायकलीवर बसवलेले! मत विरुद्ध गेले, तेव्हा त्या बुजगावण्याच्या चिंध्या करून न्यूनहॅमच्या फाटकात कोंबल्या. मी त्या रस्त्यात उभी राहून पाहत होते. माझ्या समोरून एका मिनिटात बारा बायका सायकलीवरून गेल्या, मी मोजल्या. यजमानही मोजत होते, त्यांच्या तेरा झाल्या.

किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहिले. १४४६ ला बांधायला घेतले, वरचे दगडी छत १५१५ ला पुरे झाले. ते छत मोराच्या पिसाऱ्यासारखे उलगडलेले आहे, आणि ते दगडाचे आहे हे मान वर करून पाहताना खरे वाटत नाही. ट्रिनिटी कॉलेजबाहेर सफरचंदाचे एक झाड आहे. न्यूटनच्या गावच्या झाडाचे ते वंशज म्हणतात. धाकट्यासाठी फोटो काढला. बाकी कॉलेजांची नावे मला आता आठवत नाहीत, आणि सांगून आपल्यालाही काही उपयोग नाही.

दुपारी किंग्जच्या मागे नदीकाठी बसलो. नदी म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढाच. मुले सपाट बुडाच्या नावा लांब बांबूने ढकलत होती. आणि पलीकडच्या कुरणात, भगिनींनो, गाई चरत होत्या! शेकडो वर्षांच्या विद्यापीठाच्या अगदी मधोमध. मी माहेरी गवळाऊ गाईंत वाढलेली. पांढरी, सडपातळ, चपळ अशी आपली जात. त्या गाई तांबूस आणि अंगाने भरलेल्या, एक जागची हलेना. आम्ही मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी आणि वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाक असे जेवलो. यजमान प्रथमच हसून म्हणाले, "ऑक्सफर्डला गाई नसत्या." मुलीने सांगितले की तिथेही नदीकाठच्या कुरणात गाई आहेत. मग ते पुन्हा गप्प झाले.

न्यूनहॅमला पोहोचायला चार वाजले. तांबड्या विटांची घरे, पांढऱ्या खिडक्या, मागे मोठी बाग. कॉलेज अजून फक्त मुलींचेच आहे. समोर काशाचे फाटक आहे, पहिल्या प्रमुख बाईंच्या स्मरणार्थ बसवलेले. १९२१ साली पुन्हा मत घेतले, पुन्हा बायका हरल्या, आणि त्या आनंदात पोरांनी हातगाडीची धडक देऊन हे फाटक फोडले होते. नंतर दुरुस्त केले. मी हात लावून पाहिला. कुठे डाग दिसतो का, सांधा कळतो का. काही कळले नाही. थंड आणि गुळगुळीत होते. पहाऱ्यावरच्या माणसाने आम्हाला बागेत जाऊ दिले. तिथे एका बाकावर मी बसले, आणि मुलीने विचारले, "आई, काय वाटते?" मी म्हटले, "शकुंतलाबाई तेवीस वर्षांची होती. घरची आठवण येत असेल."

दुसऱ्या दिवशी लंडनला मुलीचा समारंभ झाला. काळा झगा, चौकोनी टोपी. तिचे नाव पुकारले तेव्हा यजमानांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. शेजारचे गोरे गृहस्थ वळून पाहू लागले. मी तिच्या हातातला कागद मागून घेतला आणि त्यावर नाव पुरते आहे ना, ते वाचून पाहिले.

यजमानांचे ऑक्सफर्ड राहिले ते राहिलेच. मुलगी आता तिकडे नोकरीला आहे. ती ऑक्टोबरात एकटी जाऊन आली आणि रस्त्यारस्त्याचे फोटो बाबांना पाठवले. ते त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले आहेत. पुन्हा जाणे झाले तर मी त्यांच्याबरोबर तिकडे जाणार, हे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

एक कामाचे सांगून थांबते. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांचे अर्ज कसे भरायचे, कोणते दाखले लागतात, हे सगळे मुलीने मला फोनवर लिहून पाठवले आहे. आपल्या गल्लीतल्या ज्या मुलींना हवे असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे यावे. उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो, तेव्हा तो आधी काढायला टाकावा.